पुढच्या बाळाचं इंजेक्शन

कॉलेजातल्या रक्तदान शिबिरात माझा रक्तगट ओ निगेटिव्ह निघाला, तेव्हापासून मी त्याची थोडी मिजासच मिरवत आले. सांगली-मिरज भागात दवाखान्यांना तोटा नाही. ब्लड बँकेच्या यादीत नाव गेलं की 'ताई, ओ निगेटिव्ह पाहिजे होतं' असा फोन कधीही येतो आणि आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतो याचं बरं वाटतं. लग्नाच्या परिचयपत्रातही रास, गण, नाडी, उंची यांच्या रांगेत 'रक्तगट : ओ निगेटिव्ह' अशी ओळ होती. पत्रिका दोन्हीकडच्या गुरुजींनी पाहिली, गुण जुळले, नाडी वेगळी निघाली. रक्तगटाच्या ओळीवर कुणाची नजरही थांबली नाही.

ती थांबली दिवस राहिल्यावर, पहिल्या तपासणीत. सिस्टरनी केसपेपरच्या कोपऱ्यात लाल शाईनं 'आरएच निगेटिव्ह' लिहिलं, भोवती चौकोन काढला आणि विचारलं, "मिस्टरांचा गट कुठला?" नवऱ्यानं मोबाइलमध्ये शोधून सांगितलं, "बी पॉझिटिव्ह." सिस्टर नुसतं "हं" म्हणाल्या आणि नेहमीच्या तपासण्यांत आणखी एक वाढवली : आयसीटी. माझी मिजास तिथल्या तिथे उतरली. माझ्या रक्तात काहीतरी खोट आहे आणि ती आता बाळाला बाधणार, एवढंच मला त्या 'हं'मधून समजलं.

घरी आल्यावर सल्ल्यांचा पाऊस पडला. सासूबाईंच्या एका मैत्रिणीनं सांगितलं, नवरा-बायकोचा रक्तगट जुळत नसेल तर मूल टिकत नाही. दुसरीनं नेमकं उलटं सांगितलं : रक्तगट एकच असला की त्रास होतो, एकनाड म्हणतात ती हीच. चुलत सासऱ्यांनी फोनवर आलेला मजकूर मोठ्यानं वाचून दाखवला, की आपल्या पूर्वजांना रक्तगटांचं शास्त्र ठाऊक होतं म्हणून त्यांनी नाडी बघायची पद्धत घातली. आमच्या नाड्या वेगळ्या, गटही वेगळे. मग मी सुरक्षित की धोक्यात? या मंडळींच्या हिशेबानं दोन्ही. त्यात दिरानं 'आरएच' म्हणजे ऱ्हीसस, माकडाची एक जात, असं शोधून काढलं. सासूबाई दचकल्या. "म्हणजे माकडाचं रक्त हिच्यात आहे, का आपल्या पोरात?" त्यांच्या प्रश्नाला सगळे हसले, पण उत्तर एकालाही देता आलं नाही.

पुढच्या भेटीला मी प्रश्न वहीत लिहून नेले. पतसंस्थेत नोकरी करते, त्यामुळे कागदावर उतरल्याशिवाय मला काही कळत नाही. डॉक्टर मॅडम वयानं मोठ्या. वही बघून म्हणाल्या, "अगं, बस आधी. तुझ्या रक्तात बिघडलेलं काही नाही. एक गोष्ट त्यात नाही, इतकंच."

ती एक गोष्ट म्हणजे 'डी' नावाचं प्रतिजन. तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर निरनिराळ्या खुणा असतात. ए आणि बी या खुणांवरून आपला ए, बी, एबी किंवा ओ गट ठरतो. आरएच ही दुसरी, स्वतंत्र व्यवस्था. तिच्यात पन्नासहून जास्त प्रतिजनं सापडली आहेत. त्यांतली पाच महत्त्वाची : डी, मोठा सी, छोटा सी, मोठा ई आणि छोटा ई. या पाचांत डी सर्वांत तिखट. परक्या शरीरात गेला की सर्वांत जास्त खळबळ तोच उडवतो. म्हणून डी असेल तर गटापुढे 'पॉझिटिव्ह' आणि नसेल तर 'निगेटिव्ह' लिहायची रीत पडली. आपल्याकडे शंभरात साधारण पाच माणसं निगेटिव्ह असतात, युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण पंधरा, आणि चीन-जपानकडे एकाहूनही कमी. हा आजार नव्हे, अशक्तपणा नव्हे. जन्मभर त्याचा पत्ताही लागत नाही, जोवर पॉझिटिव्ह रक्ताशी गाठ पडत नाही.

गर्भारपणात ही गाठ पडू शकते. बाप पॉझिटिव्ह असेल तर बाळ पॉझिटिव्ह असण्याची शक्यता मोठी. आई आणि बाळ यांचं रक्त वारेच्या दोन बाजूंनी वाहतं, एकमेकांत मिसळत नाही. पण बाळंतपणात वार सुटताना बाळाचे काही थेंब आईच्या रक्तात जातातच. अर्धा मिलिलिटरही लागत नाही. आईच्या शरीराला या डीवाल्या पेशी परक्या वाटतात आणि ते त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, तयार करतं.

"मग माझ्या बाळाला या अँटिबॉडी त्रास देणार?" मी विचारलं.

"या बाळाला सहसा नाही. ते तोवर बाहेर आलेलं असतं."

इथे माझा गोंधळ उडाला. धोका आहे, पण या बाळाला नाही. मग लाल चौकोन कशासाठी? मॅडमनी समजावलं. पहिल्या वेळी शरीर सावकाश जागं होतं, आणि सुरुवातीला ज्या अँटिबॉडी बनतात त्या आकारानं मोठ्या असतात, वार ओलांडू शकत नाहीत. पण शरीर ही ओळख विसरत नाही. पुढच्या खेपेला पोटात पुन्हा पॉझिटिव्ह बाळ असलं की लहान आकाराच्या, वारेतून सहज जाणाऱ्या अँटिबॉडी भराभर तयार होतात आणि बाळाच्या तांबड्या पेशी फोडू लागतात. बाळाला रक्तक्षय होतो. फार झाला तर अंगभर पाणी साठतं, हृदय थकतं, बाळ पोटातच दगावू शकतं. फुटलेल्या पेशींतून निघणारं पिवळं द्रव्य पोटात असेपर्यंत आईचं शरीर निपटून टाकतं. जन्मल्यावर मात्र तो भार बाळाच्या कोवळ्या यकृतावर पडतो. कावीळ पहिल्याच दिवशी चढते आणि वेळेत उतरवली नाही तर मेंदूला कायमची इजा करते. प्रत्येक पॉझिटिव्ह बाळागणिक हा हल्ला सहसा तीव्र होत जातो.

हे ऐकताना मला आमच्या वडिलांची आत्या आठवली. पहिला मुलगा धडधाकट, त्यानंतरचं बाळ पिवळं पडून गेलं, पुढची दोन पोटातच गेली. गावानं करणी म्हटलं, सटवाईचा कोप म्हटलं, तिच्या पायगुणावर बोट ठेवलं. तिच्या सासरच्यांनी दुसरी बायको करायची बोलणी लावली होती, असं आजी सांगायची. तिचा रक्तगट कधी कुणी तपासलाच नाही, त्यामुळे कारण हेच होतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण पहिलं मूल सुखरूप आणि पुढची एकामागून एक जाणं, हा क्रम किती घरांत बाईच्या नशिबावर ढकलला गेला असेल, हा विचार डोक्यातून जाईना. पहिलं मूल ठणठणीत असल्यामुळे बाईच्या 'रक्तात' काही असेल अशी शंका यायला जागाच नव्हती. शंका यायची ती तिच्या वागण्यावर.

ही शंका शास्त्राला पहिल्यांदा नीट आली तीही एका आईमुळेच. न्यूयॉर्कमध्ये मृत बाळ जन्मलेल्या एका बाईला नवऱ्याचं रक्त दिलं. ए-बी-ओ गट जुळत होता, तरी तिला जोराची प्रतिक्रिया आली. फिलिप लेव्हिन आणि रूफस स्टेटसन यांनी १९३९ मध्ये ही हकिगत प्रसिद्ध केली आणि म्हटलं, की बाळाला वडिलांकडून मिळालेल्या कुठल्यातरी खुणेविरुद्ध आईच्या शरीरात प्रतिपिंडं तयार झाली असावीत. त्या खुणेला त्यांनी नाव दिलं नाही. पुढच्याच वर्षी कार्ल लँडस्टायनर आणि अलेक्झांडर वीनर यांनी ऱ्हीसस माकडाच्या पेशी सशांना टोचून एक द्रव तयार केला. तो बहुतेक माणसांच्या तांबड्या पेशींच्या गुठळ्या करत होता. म्हणून या गटाला माकडाचं नाव मिळालं. आणखी पुढे कळलं, की त्या द्रवानं ओळखलेली खूण निराळीच होती, डी नव्हेच. तोवर नाव रुळलं होतं. सासूबाईंना मी हे सांगितलं. "म्हणजे माकडाचा संबंध नाहीच," त्या म्हणाल्या आणि एक काळजी मिटली.

नाडीचा निकालही लावून टाकते. नाड्या तीन : आद्य, मध्य, अंत्य. त्या जन्मनक्षत्रावरून ठरतात. एकाच नक्षत्रावर जन्मलेल्या माणसांत सगळे रक्तगट सापडतात. सख्ख्या बहिणी एका नाडीच्या असून एक पॉझिटिव्ह आणि दुसरी निगेटिव्ह असू शकतात. पत्रिका मानायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण ती रक्त तपासत नाही.

आता आयसीटी. हे इनडायरेक्ट कूम्ब्स टेस्टचं लघुरूप. बाईच्या रक्तात डीविरुद्ध अँटिबॉडी आधीच तयार झाल्या आहेत का, हे ती सांगते. लॅबमधल्या दादांना मी विचारलं तेव्हा त्यांनी टेस्ट ट्यूब उजेडाकडे धरून दाखवली. माझ्या रक्तातला द्रव ज्ञात पॉझिटिव्ह पेशींबरोबर ठेवायचा. अँटिबॉडी असतील तर त्या पेशींना चिकटतात, पण तेवढ्यानं दिसत काही नाही. मग पेशी धुऊन कूम्ब्स सिरम घालायचं. ते या चिकटलेल्या अँटिबॉडींना एकमेकांशी जोडतं आणि गुठळ्या दिसू लागतात. ही युक्ती रॉबिन कूम्ब्स यांना लंडनहून केंब्रिजला जाताना रेल्वेच्या डब्यात सुचली, असं त्यांनीच पुढे सांगितलं. १९४५ मध्ये त्यांनी आर्थर मोरंट आणि रॉब रेस यांच्यासह ती प्रसिद्ध केली. आजही जगभरच्या रक्तपेढ्या तिच्यावर चालतात.

माझा अहवाल आला : 'आयसीटी निगेटिव्ह'. मी पुन्हा हादरले. मॅडम मात्र "छान" म्हणाल्या. माझ्या फाइलमध्ये तोवर निगेटिव्हांची रांगच लागली होती. एचआयव्ही निगेटिव्ह, कावीळ बी निगेटिव्ह, रक्तगट निगेटिव्ह, आयसीटी निगेटिव्ह. त्यांतलं एकच लाल शाईतलं. बाकीच्यांचा आनंद मानायचा. नव्या बाईला हे कुणी सांगत नाही. सांगायला एक वाक्य पुरतं : रक्तगट निगेटिव्ह ही नुसती माहिती, आयसीटी निगेटिव्ह ही चांगली बातमी.

आयसीटी निगेटिव्ह असेल तर पुढे अँटी-डीचं इंजेक्शन. त्याची गंमत अशी, की जी अँटिबॉडी आईच्या शरीरात तयार होऊ नये म्हणून सगळी धडपड, तीच तयार स्वरूपात टोचायची. मला हे काही केल्या पटेना. मॅडम म्हणाल्या, बाळाच्या ज्या पेशी चुकून तुझ्या रक्तात येतील त्या ही बाहेरची अँटिबॉडी हटवून टाकते, तुझ्या शरीराला त्यांची ओळख पटायच्या आत. काही आठवड्यांत ती विरून जाते, आणि शरीराच्या आठवणीत काही उरत नाही. आमच्या कामाच्या भाषेत मला ते लगेच उमगलं. रोजकीर्दीत नोंद पडायच्या आधी पावती मागे घेतली तर खतावणीत काही उतरत नाही; एकदा उतरलं की खोडता येत नाही. अँटी-डीचं तसंच. अँटिबॉडी एकदा बनल्या की या इंजेक्शनचा काही उपयोग नाही. नेमकी कुठली यंत्रणा शरीराला गप्प ठेवते याबद्दल शास्त्रज्ञांत अजून पूर्ण एकमत नाही. परिणामाबद्दल मात्र कुणालाच शंका नाही.

हे सुचलं कुणाला? अटलांटिकच्या दोन काठांवर, जवळपास एकाच वेळी. लिव्हरपूलला सिरिल क्लार्क हे डॉक्टर होते. फुलपाखरांच्या पंखांवरच्या नक्षीचं आनुवंशिक शास्त्र हा त्यांचा छंद, आणि त्यातूनच ते रक्तगटांच्या वारशाकडे वळले. त्यांचे तरुण सहकारी रोनाल्ड फिन यांनी तयार अँटिबॉडी देण्याची कल्पना मांडली. न्यूयॉर्ककडे व्हिन्सेंट फ्रीडा, जॉन गॉर्मन आणि विल्यम पोलॅक हे तिघं स्वतंत्रपणे त्याच वाटेवर होते. त्यांनी आधी सिंग सिंग तुरुंगातल्या निगेटिव्ह गटाच्या पुरुष कैद्यांवर प्रयोग केले. पॉझिटिव्ह पेशी सगळ्यांना टोचल्या, अँटी-डी फक्त काहींना. ज्यांना ते मिळालं त्यांच्यात अँटिबॉडी बनल्या नाहीत. १९६८ मध्ये अमेरिकेत हे औषध परवाना मिळून वापरात आलं. बायकांचं दुखणं, आणि त्यावरचा उतारा आधी तुरुंगातल्या पुरुषांच्या दंडात टोचला गेला, हे वाचून मी थोडा वेळ तशीच बसून राहिले.

त्याचं फळ आकड्यांत असं. काहीच केलं नाही तर पॉझिटिव्ह बाळ झालेल्या शंभर निगेटिव्ह आयांपैकी साधारण सोळांच्या रक्तात अँटिबॉडी तयार होतात. बाळंतपणानंतर इंजेक्शन दिलं तर ही संख्या एक-दोनवर येते. गर्भारपणात २८ व्या आठवड्यालाही दिलं तर हजारात दोन-तीनपर्यंत. २८ वाच आठवडा का? वार जसजशी पातळ होते तसं शेवटच्या तिमाहीत बाळाच्या पेशी गुपचूप पलीकडे जाण्याचं प्रमाण वाढतं, आणि एका इंजेक्शनचं संरक्षण साधारण बारा आठवडे पुरतं. अठ्ठावीस आणि बारा चाळीस. हिशेब नेमका बसतो.

आपल्याकडे सहसा ३०० मायक्रोग्रॅमचा डोस देतात. बाळाचं ३० मिलिलिटर रक्त आईकडे गेलं तरी त्याला तो पुरतो. औषध फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, म्हणून औषधाच्या दुकानदारानं ते बर्फाच्या पिशवीत घालून दिलं आणि नवरा ते प्रसादासारखं जपत घेऊन आला. माझं बिल दोन-तीन हजारांच्या घरात गेलं. सिस्टरनी ते दंडात दिलं. नंतर दंड थोडा दुखला, बाकी काही नाही. मॅडमनी एक पथ्य पाळायला लावलं : दुसरी आयसीटी इंजेक्शनच्या आधी. हे पथ्य का, ते मला पुढे माहेरी कळलं.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. डोहाळजेवण झालं आणि मी पंढरपूरला आले. तिथल्या एका दवाखान्यात नाव घातलं, त्यांनी पुन्हा सगळ्या तपासण्या केल्या, आणि या वेळी आयसीटी 'पॉझिटिव्ह' आली. काउंटरवरच्या मुलीनं चेहरा पाडून कागद हातात दिला. आईनं देवापुढे दिवा लावला. मी रात्रभर आत्याच्या त्या हकिगतीत अडकले. सकाळी तिथल्या डॉक्टरांनी मिरजेचे कागद चाळले, अँटी-डीची तारीख पाहिली आणि म्हणाले, "हे तुमच्या शरीरानं बनवलेलं नाही. टोचलेलंच आहे ते, दंडातलं." तपासणी खोटं बोलत नव्हती. अँटिबॉडी रक्तात होत्याच, फक्त त्या माझ्या नव्हत्या. इंजेक्शनची तारीख कागदावर नसती तर पुढच्या तपासण्यांचा ससेमिरा लागला असता. किंवा त्याहून वाईट, 'हिला आता अँटी-डीचा उपयोग नाही' असं समजून बाळंतपणानंतरचं इंजेक्शन टळलं असतं. सासर आणि माहेर या दोन गावांमध्ये आपल्याकडच्या बाईची फाइल हरवते ती इथे.

त्यांनी आणखी एक गोष्ट करायला लावली, जी मला सुचली नसती : माझ्यासाठी रक्ताची तजवीज. ओ निगेटिव्हचं रक्त गरज पडली तर कुणालाही देतात, पण ओ निगेटिव्ह माणसाला फक्त ओ निगेटिव्हच चालतं. बाळंतपणात रक्तस्राव झाला तर ऐन वेळी शोधाशोध नको, म्हणून भावानं दोन रक्तदाते आधीच सांगून ठेवले. रक्त लागलं नाही, पण झोप लागली.

मुलगी झाली. नाळेतून तिचं रक्त घेऊन गट पाहिला : बी पॉझिटिव्ह, बापावर गेलेली. म्हणजे मला दुसरं इंजेक्शन लागणार होतं, बहात्तर तासांच्या आत. ती निगेटिव्ह असती तर लागलं नसतं. दुसऱ्या दिवशी ती थोडी पिवळी झाली आणि माझा धीर सुटला. बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं, हे डीचं काम नाही. आई ओ आणि बाळ बी असलं की आईच्या रक्तात मुळातच असलेल्या बीविरोधी अँटिबॉडींमुळे सौम्य कावीळ होऊ शकते. निळ्या दिव्याखाली ठेवलं आणि उतरली. सगळ्यात मजेची गोष्ट त्यांनी जाता जाता सांगितली : आमचा हा 'न जुळणारा' गट डीच्या बाबतीत थोडा उपकारकच. बाळाच्या बी पेशी माझ्याकडे आल्या तर माझ्या आधीच्या अँटिबॉडी त्यांना चटकन निकालात काढतात, डीची ओळख पटायला वेळच उरत नाही. हे संरक्षण अर्धवट असतं, इंजेक्शन टाळण्याइतकं भरवशाचं नाही. पण मैत्रिणींच्या पंचायतीनं जो बेबनाव धोक्याचा ठरवला होता, तोच माझ्या बाजूनं उभा होता.

सगळ्यांचं असं सुरळीत होत नाही. मिरजेच्या ओपीडीत शेजारी बसलेली एक बाई तिसऱ्या खेपेची होती. मधला गर्भ चौथ्या महिन्यात गावीच पडला, पिशवी साफ केली, अँटी-डी कुणी दिलं नाही. आता तिची आयसीटी खरोखरीची पॉझिटिव्ह होती. अशा वेळी अँटिबॉडींची पातळी मोजत राहतात. ती ठरावीक मर्यादेपलीकडे, बहुतेक ठिकाणी एकास सोळा, गेली की सोनोग्राफीच्या डॉपलरनं बाळाच्या मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतला वेग बघतात. रक्त पातळ झालं की ते जोरानं धावतं. रक्तक्षय फार असेल तर बाळाला पोटातच रक्त देता येतं. हे पहिल्यांदा जमवलं न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या विल्यम लायली यांनी, १९६३ मध्ये. त्या बाईला पुण्याला पाठवलं. जाताना ती म्हणाली, "दोन-तीन हजारांचं काम होतं हो, आता घर विकायची पाळी."

हे इंजेक्शन कारखान्यातल्या भट्टीत नुसतं शिजत नाही, हेही मला नवंच होतं. पूर्वापार ते बनतं ते डीविरुद्ध अँटिबॉडी असलेल्या माणसांच्या रक्तद्रवातून. आता भारतात प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींपासून बनवलेलंही मिळतं. ऑस्ट्रेलियातले जेम्स हॅरिसन यांच्या रक्तात ही अँटिबॉडी भरपूर होती. १९५४ पासून २०१८ पर्यंत त्यांनी ११७३ वेळा दान केलं. त्यांच्या रक्तद्रवातल्या अँटी-डीनं तिथली सुमारे २४ लाख बाळं वाचली, असा तिथल्या रेडक्रॉसचा अंदाज आहे. २०२५ मध्ये ते गेले. इंग्लंड, डेन्मार्क, नेदरलँड्स या देशांत आता आईच्या रक्तात फिरणाऱ्या बाळाच्या डीएनएवरून त्याचा डी आधीच ओळखतात, म्हणजे निगेटिव्ह बाळाच्या आईला विनाकारण टोचावं लागत नाही. आणि पॉझिटिव्ह बायकांनीही अगदी निर्धास्त होऊ नये : छोटा सी किंवा केल यांसारख्या प्रतिजनांविरुद्धच्या अँटिबॉडीही बाळाला त्रास देऊ शकतात, आणि त्यांच्यावर असं प्रतिबंधक इंजेक्शन नाही. ब्रिटनमध्ये म्हणून प्रत्येक गर्भवतीची अँटिबॉडी चाचणी होते. आपल्याकडे ती बहुतेक निगेटिव्ह बायकांपुरतीच राहते. आधी रक्त चढवलेलं असेल, किंवा आधीचं बाळ कारण न कळता गेलं असेल, तर पॉझिटिव्ह बाईनंही डॉक्टरांना तसं आवर्जून सांगावं.

या सगळ्यातून मला एक गोष्ट उमगली आणि तीच सांगायची म्हणून हे लिहिलं. आपण औषध घेतो ते दुखतं म्हणून. इथे मला काही दुखत नव्हतं, पोटातल्या मुलीलाही काही होणार नव्हतं. माझ्या दंडात टोचलं गेलं ते जिचा अजून विचारही केलेला नाही अशा दुसऱ्या बाळासाठी. म्हणूनच ते राहून जातं. घरात पेढे वाटले जात असताना, किंवा गर्भ पडल्याच्या दुःखात, पुढच्या बाळाची आठवण कुणाला येणार? 'आता आम्हाला दुसरं नकोच' म्हणूनही काही घरं ते टाळतात. मन बदलतं; बहात्तर तास परत येत नाहीत.

तेव्हा दिवस राहिले की पहिल्याच भेटीत आपला रक्तगट कागदावर लिहून घ्या, जुन्या ओळखपत्रावर विसंबू नका. निगेटिव्ह असाल तर नवऱ्याचा गट तपासा आणि आयसीटी करा. तोही निगेटिव्ह असेल तर डीच्या काळजीचं कारण उरत नाही. गर्भपात, गर्भनलिकेतला गर्भ, मध्येच रक्तस्राव, पोटावर आपटणं, यांपैकी काहीही झालं तर 'अँटी-डी लागेल का?' हे आपण स्वतः विचारा. अगदी सुरुवातीच्या गर्भपातात द्यावं का याबद्दल देशोदेशींच्या सूचना वेगळ्या आहेत; आपल्याकडे सहसा देतात, निर्णय डॉक्टरांचा. सरकारी रुग्णालयात जाणार असाल तर साठा आहे का, हे सातव्या महिन्यातच विचारून ठेवा. इंजेक्शनची तारीख माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्या आणि ते कार्ड माहेरी जाताना साडीच्या आधी बॅगेत टाका. सून किंवा लेक निगेटिव्ह निघाली तर तिच्याकडे बघून 'हं' म्हणू नका. तिला फक्त तारखा लक्षात ठेवायला मदत करा.